नागलीची भाकरी आणि एक लाख शेतं

मंडळी, नाशिकचा माणूस श्रीलंकेला निघाला की त्याला सगळे एकच गोष्ट सांगतात. पंचवटीतल्या आमच्या मावशी म्हणाल्या, "आपल्याकडून नेलेल्या सीतामाईला कुठे ठेवलं होतं, तेवढं बघून ये रे." म्हणून आधी एल्लाला रावण गुहा पाहिली. दम लागेपर्यंत पायऱ्या चढलो, फोटो काढले, शहाळं प्यालो, संपलं. एल्ला ऊवा प्रांतात येतं, पण पर्यटकांची ऊवा एल्लापाशीच थांबते. मला बोलायचंय ते घाट उतरल्यावरच्या, मोनरागल जिल्ह्यातल्या ऊवाबद्दल.

आगगाडीचं मात्र सांगितलंच पाहिजे. कोलंबोहून बदुल्लाला पोचायला नऊ-दहा तास लागतात. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज. देमोदरा स्टेशन सोडल्यावर गाडी डोंगराला वळसा घालते आणि त्याच स्टेशनाच्या पोटाखालच्या बोगद्यातून जाते. कसारा घाटात उभं आयुष्य गेलेला मी, तरी खिडकीतून अर्धा बाहेर आलो होतो. ही गाडी बदुल्लापर्यंत 1924 साली पोचली. खालच्या मोनरागलला मात्र रेल्वे नाही, तिथे बस.

वेल्लवायाला उतरलो तेव्हा भूक लागली होती. रस्त्याकडेच्या टपरीत एक बाई तव्यावर जाडसर, काळपट भाकरी भाजत होती. विचारलं तर म्हणाली, "कुरक्कन." तुकडा तोंडात घातला आणि ओळख पटली. अहो, नागली, म्हणजे नाचणी! सुरगाणा-पेठची नागली. ओलं खोबरं घालून मळलेली, एवढाच फरक. सोबत कांदा-मिरचीचा ठेचा, त्याला म्हणतात लुणू मिरिस. लुणू म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातलं 'लोण' आठवा, आणि मिरिस तुम्हाला कळलंच असेल. त्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं.

पण भाताच्या देशात इथे नागली का? पाऊस कमी, हे एक उत्तर. दुसरं उत्तर इतिहासात आहे. या मुलखाचं जुनं नाव वेल्लस्स, म्हणजे एक लाख भातशेतं. 1815 साली कँडीचं राज्य इंग्रजांकडे गेलं आणि दोनच वर्षांत ऊवाने बंड केलं. ते मोडायला इंग्रजांनी केप्पेटिपोल नावाच्या सरदाराला पाठवलं. त्याने इंग्रजांची हत्यारं इंग्रजांना परत पाठवली आणि तो बंडवाल्यांना जाऊन मिळाला. दिलेली बंदूक आधी परत करायची आणि मग फिरायचं! मला हा माणूस फार आवडतो. नोव्हेंबर 1818 मध्ये कँडीला त्याचा शिरच्छेद झाला. कवटी विलायतेला नेली, ती 1954 साली परत आली.

1818. हे साल नाशिककराला सांगावं लागत नाही. त्याच वर्षी पेशवाई बुडाली, त्र्यंबकचा किल्ला पडला आणि पुढे आपल्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. कारण आपल्याकडे बंडाचा आसरा गड होता. ऊवात आसरा होता शेत. म्हणून तिथे घरं जाळली, गुरं मारली, उभी पिकं आणि तळी-पाटांची व्यवस्था उद्ध्वस्त केली. प्रवासाच्या पुस्तकात ऊवाला 'शांत' म्हटलेलं वाचलं की मला आता हे आठवतं.

वेल्लवायाजवळ बुदुरुवगल आहे. सबंध कातळात कोरलेल्या सात मूर्ती, मधला बुद्ध जवळपास 51 फुटांचा. बाजूला अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व आणि तारा देवी. थेरवाद आणि महायान हे बौद्धांचे दोन पंथ; थेरवादी देशात हा महायानी परिवार, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. आपल्या पांडवलेण्यांतही महायान काळातल्या मूर्ती आहेत, पण त्या गुहेच्या सावलीत. इथे सगळं उघड्यावर. अवलोकितेश्वराच्या अंगावर अजून पांढरा गिलावा टिकून आहे. बुद्धाच्या पायापाशी ज्योतीच्या आकाराचा खळगा आहे, त्याला मोहरीच्या तेलाचा वास येतो म्हणतात. मी वाकून दोनदा हुंगलं. मला ओल्या दगडाचा आला.

परतताना रिक्षावाल्याने तळ्याकाठी गाडी थांबवली. तळ्याला ते 'वेव' म्हणतात. मूळ शब्द वापी, आपली 'बाव' त्यातूनच आलेली. बांधावर एक म्हातारा फावड्याने पाटाचं तोंड मोकळं करत होता. पाणी सुटलं तसा तो बाजूला झाला, पाय धुतले आणि फावडं खांद्यावर टाकून पाण्याच्या मागोमाग शेताकडे निघाला.