रस्ता नाही, पण रेंज आहे

[दृश्य : लाल मातीचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका. सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून जाणारा माणूस.]

हा मलावी. आफ्रिकेच्या नकाशात झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्या मधे जो चिंचोळा पट्टा दिसतो, तोच. राजधानी लिलाँग्वेहून झांबियाच्या सीमेकडे निघालं, की साठेक किलोमीटरवर नामितेते लागतं. इथं सेंट गॅब्रिएल नावाचं मिशनचं रुग्णालय आहे. आसपासच्या खेड्यांतल्या सुमारे अडीच लाख लोकांना दुखलंखुपलं की आधार याच एका रुग्णालयाचा. त्यातले काही तर शंभर मैलांवर राहणारे.

डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे गावोगावचं काम बघायचे ते स्वयंसेवक. शेती करणारीच माणसं ही. सकाळी रानात आणि दुपारी रुग्णांच्या दारी. कुणी गोळ्या घेतल्या, कुणी सोडल्या, कुणाचा खोकला तीन आठवडे झाले तरी थांबेना, कुणाच्या पाठीला अंथरुणावर पडून जखमा झाल्यात, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

[दृश्य : रेघांची वही. हाताने आखलेले रकाने.]

आणि ते लिहायचं वहीत. मग ती वही रुग्णालयात पोचवायची. बस नाही, परवडणारं दुसरं वाहन नाही. पावसाळ्यात तर रस्ताच नाही. एक स्वयंसेवक आपला कागद द्यायला ३५ मैल चालत यायचा. म्हणजे छप्पन्न किलोमीटर, एका बाजूचे.

हा काळ कुठला, तेही सांगायला हवं. २००४ साली मलावी सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली होती. दर दहा प्रौढांमागे एकाहून जास्त जणांना लागण होती. औषध आलं, मोठी गोष्ट झाली. पण ही औषधं जन्मभर घ्यायची असतात, आणि मधेच खंड पडत राहिला तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. टीबीचंही तसंच, किमान सहा महिने नेमाने गोळ्या. म्हणजे औषध फुकट मिळूनही प्रश्न उरतोच : रुग्णाने या महिन्यात गोळ्या नेल्या नाहीत, तर का नेल्या नाहीत? हे रुग्णालयाला कळणार कसं?

[दृश्य : टेबलावर जुना लॅपटॉप. त्याला केबलने जोडलेला छोटा मोडेम.]

२००८ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक विद्यार्थी, जॉश नेस्बिट, नामितेतेला आला. सामानात वापरलेले मोबाइल आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपवर ‘फ्रंटलाइनएसएमएस’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. ते केन बँक्स या इंग्रज माणसाने २००५ मध्ये बनवलेलं. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या भागात केलेल्या कामातून त्याला ही कल्पना सुचली होती : लॅपटॉपला मोडेम लावा, त्यात सिमकार्ड घाला, आणि एकाच वेळी शंभर जणांशी मेसेजवर बोला.

यात इंटरनेट कुठेही नाही. आज आपल्याला नेटशिवाय काही चालतं यावर विश्वास बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. मोबाइल आणि टॉवर यांचं आपसात सतत एक बारीकसं बोलणं चालू असतं, ‘मी इथे आहे’ एवढंच सांगणारं. एसएमएस त्याच वाटेनं जातो. म्हणून कॉल लागत नाही तिथेही मेसेज निसटतो. समोरचा फोन बंद असेल तर मेसेज कंपनीच्या यंत्रात थांबतो, आणि फोन चालू झाला की पोचतो. ज्या गावात वीजच नाही, चार्जिंगला बाजाराच्या गावी जावं लागतं किंवा छोट्या सौर पॅनेलवर भागवावं लागतं, तिथे या थांबून राहणाऱ्या मेसेजची किंमत वेगळीच.

पंचाहत्तर स्वयंसेवकांना फोन मिळाले. बऱ्याच जणांनी आधी कधी मेसेज टाइप केला नव्हता. ते शिकले. शिकायचं तरी किती होतं?

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. एकाखाली एक येणारे मेसेज.]

आता रुग्णालयाच्या या खोलीत काय बदललं ते बघू. घरोघरी जाऊन रुग्ण तपासणारी नर्स मोटारसायकलवर निघायची, त्याआधी तिच्या हातात फक्त नावांची यादी असे. अर्धा दिवस घालवून एका घरी पोचावं, तर रुग्ण दोन महिन्यांपूर्वीच वारलेला. दुसऱ्या घरी जावं, तर तो नातेवाइकांकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला. पेट्रोल जळालं, दिवस गेला, आणि खरंच जिथे जायला हवं होतं ते घर राहूनच गेलं.

फोन आल्यावर आधी यादी मेसेजने गावात जाऊ लागली. स्वयंसेवक शेजारीच राहणारा. तो दहा मिनिटांत जाऊन यायचा आणि कळवायचा : वारला, गाव सोडलं, बरा आहे, किंवा ताबडतोब या. मोटारसायकल मग त्या ‘ताबडतोब या’कडे वळायची.

आणखी एक सोय होती, आणि ती मला फार हुशारीची वाटते. स्वयंसेवकाने औषधाचं नाव पाठवलं, की लॅपटॉप आपोआप उत्तर द्यायचा : हे कशासाठी, किती घ्यायचं. नर्सला फोन करून ‘बाई, या गोळीचं काय करू’ असं विचारण्याचा संकोच नाही, आणि नर्सलाही मधेच हातातलं काम टाकावं लागत नाही.

सहा महिन्यांनी हिशेब मांडला. रुग्णालयाच्या लोकांचे आणि स्वयंसेवकांचे मिळून २०४८ तास वाचले होते. पेट्रोलचे ३००० डॉलर वाचले, आणि मेसेजची ही सगळी व्यवस्था चालवायला लागले २५० डॉलर. त्या वेळच्या भावाने बारा हजार रुपये धरा. टीबीच्या उपचारात एका वेळी शंभर रुग्ण सांभाळले जात, ते दोनशेपर्यंत गेले. आणि १३० रुग्ण असे, ज्यांच्या घरी एरवी कुणी पोचलंच नसतं. तासांचा आणि डॉलरचा हिशेब देणगीदारांना लागतो. मला विचाराल तर त्या यादीत आधी वाचावा तो १३०चा आकडा.

[दृश्य : झाडाखाली बसलेला गट. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात आणि पाय.]

एचआयव्ही असलेल्यांचे आधारगट गावोगावी होते. गटाचे म्होरके आता मेसेजवर बैठकीची वेळ ठरवू लागले. ऐकायला साधी गोष्ट. पण बैठक पुढे ढकलली हे कळलं नाही, तर कुणीतरी ऊन डोक्यावर घेऊन फुकट चालत यायचं, आणि पुढच्या वेळी यायचंच नाही.

अडचणही इथेच होती. खेड्यातला फोन एका माणसाचा नसतो. तो दिराच्या हातात असतो, शेजारणीकडे चार्जिंगला असतो, पोरगं त्यावर खेळत असतं. त्यावर ‘तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला या’ असा मेसेज आला, तर त्या बाईचं त्या घरात राहणं मुश्कील. मेसेज स्वस्त आहे, पण तो फुटला तर भोगावं लागतं दुसऱ्यालाच.

यावरचं उत्तर सापडलं केनियात.

[दृश्य : नैरोबी. पत्र्याची घरं, मधोमध रस्ता. एका हातात साधा, बटणांचा फोन.]

२००७ ते २००८ या काळात केनियातल्या तीन दवाखान्यांत ५३८ रुग्णांवर एक अभ्यास झाला. नाव वेलटेल. सगळे नुकतीच एचआयव्हीची औषधं सुरू केलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तेच, आणि शिवाय दर सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या नर्सकडून एक मेसेज.

मेसेजमध्ये एकच शब्द. ‘मांबो?’

तिथल्या स्वाहिली भाषेत भेटल्यावर असंच विचारतात. आपण ‘काय, कसं काय?’ म्हणतो तसं. त्यात आजाराचं नाव नाही, गोळीचं नाही, दवाखान्याचंही नाही. दिराने वाचला तरी बिघडलं नाही. रुग्णाने दोन दिवसांच्या आत उत्तर द्यायचं : ‘सावा’, म्हणजे ठीक चाललंय, नाहीतर ‘शिडा’, म्हणजे अडचण आहे. ‘शिडा’ आलं की नर्स फोन करणार. आणि काहीच उत्तर आलं नाही, तरीही करणार.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘शिडा’ लिहिणारे थोडेच असत. पण आपण गप्प राहिलो तरी कुणीतरी चौकशी करतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

वर्षभरानंतर मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक औषध नीट घेत असल्याचं सांगत होते, दुसऱ्या गटात ५० टक्के. सांगणं एकवेळ सोडून देऊ, माणूस डॉक्टरला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतो. पण रक्ततपासणी खोटं बोलत नाही. विषाणू आटोक्यात आलेले पहिल्या गटात ५७ टक्के, दुसऱ्यात ४८. २०१० मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

[दृश्य : फोनच्या पडद्यावर एकापाठोपाठ एक येणारे मेसेज. बोट ते न वाचताच पुसत जातं.]

मग काय, पाठवा मेसेज सगळ्यांना रोज? तसं नाही. पश्चिम केनियातल्या एका ग्रामीण केंद्रात हेच तपासून पाहिलं. आठवड्यातून एकदा आठवण करून दिली, त्यांच्यातले ५३ टक्के लोक औषध नेमाने घेत राहिले, काहीच न मिळणाऱ्यांत ४० टक्के. ज्यांना रोज मेसेज गेला, त्यांच्यात मात्र काही फरक पडला नाही. रोजच्या भोंग्याकडे कोण लक्ष देतो? कॅमेरूनची राजधानी याऊंदे इथे २०० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना दर आठवड्याला हुरूप देणारे मेसेज पाठवले. २०१२ साली निष्कर्ष आले, तिथेही विशेष फरक दिसला नाही.

म्हणजे ‘मेसेजने रुग्ण बरे होतात’ अशी बातमी कुणी दिली, तर पुढचं विचारायचं. किती वेळा? उत्तर द्यायची सोय आहे का? आणि आलेलं उत्तर वाचायला खुर्चीत कोण बसलंय? नामितेतेच्या लॅपटॉपसमोर माणूस होता. नैरोबीत नर्स होती, आणि तिच्या कामाच्या वेळेत हे काम धरलेलं होतं. पुष्कळ प्रकल्पांत मेसेजचे पैसे धरतात आणि ही खुर्ची धरायला विसरतात.

[दृश्य : मराठी मेसेज टाइप होताना. कोपऱ्यात उरलेल्या अक्षरांचा आकडा भराभर घसरतो.]

मराठीत हे करायचं म्हटलं, तर सुरुवातीलाच एक गंमत आहे. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा. देवनागरी लिहायला घेतली की तो होतो ७० चा. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘रुग्णालय’ आपल्या डोळ्याला चार अक्षरं, मशीनला आठ. म्हणजे जरा सविस्तर निरोप दिला, की एकाचे दोन मेसेज होतात आणि पैसेही दोनाचे. ‘स्वस्त’ हा हिशेब आपल्या लिपीत लगेच दुप्पट होतो. ‘मांबो?’सारखा आखूड निरोप इथे आणखीनच शहाणपणाचा ठरतो.

आणि मोठ्या संख्येने मेसेज पाठवायचे, तर भारतात आता संस्थेचं नाव आणि मजकुराचा साचा आधी टेलिकॉम कंपन्यांकडे नोंदवावा लागतो. फसवणुकीचे मेसेज थांबावेत म्हणून केलेला नियम, चूक म्हणता येणार नाही. पण तालुक्याच्या गावातल्या दहा जणांच्या आधारगटाला तो उंबरठा उंचच.

आपल्याकडे त्यावर एक देशी तोड आधीपासून आहे, मिस्ड कॉल. टीबीच्या ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत ती वापरली गेली. गोळ्यांच्या पट्टीवर वेगळं वेष्टन असतं. गोळी बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकट कॉल करायचा, आणि आज गोळी घेतल्याची नोंद होते. लिहायला यायला नको, लिपीचा प्रश्न नाही, पैसा लागत नाही. उणीव एवढीच, की गोळी बाहेर काढली हे कळतं, गिळली हे नाही. आणि मिस्ड कॉलला ‘शिडा’ म्हणता येत नाही.

[दृश्य : युगांडा. सरकारी कचेरीचा व्हरांडा, फायलींचे गठ्ठे.]

या सगळ्या उत्साहाची दुसरी बाजू युगांडात दिसली. मोबाइलवरून आरोग्यसेवेचे इतके प्रायोगिक प्रकल्प तिथे सुरू झाले, की कोण कुठे काय करतंय याचा सरकारलाच पत्ता लागेना. आणलेल्या एका यंत्रणेचं दुसरीशी जुळेना. जानेवारी २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने पत्र काढून असे सगळे प्रकल्प थांबवायला सांगितलं. आधी आमची मंजुरी घ्या, आमच्या यंत्रणेशी जुळेल असं करा, मग पुढे. बाहेरून आलेला पैसा आटला की गावातल्या बाईच्या हातात उरतो रिचार्ज संपलेला फोन, हे बऱ्याच ठिकाणी घडून गेलेलं होतं.

नामितेतेचं काम मात्र तिथेच थांबलं नाही. नेस्बिट आणि त्याच्या सोबत्यांनी त्यातून संस्था उभी केली, ती पुढे ‘मेडिक मोबाइल’ म्हणून ओळखली गेली, आणि स्वयंसेवकांसाठी मोबाइलवरची साधनं बनवत इतर देशांत गेली.

आणि वेलटेल उलट्या दिशेने गेलं. कॅनडात व्हँकुव्हरला ओक ट्री नावाचा दवाखाना आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रिया तिथे उपचाराला येतात. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ, कशाचीच वाण नसलेल्या या शहराने केनियाची पद्धत आपल्याकडे आणली. तिथेही आठवड्यातून एकदा फोनवर मेसेज यायचा, इंग्रजीत, ‘कशा आहात?’ एवढाच, आणि उत्तर नर्स वाचायची.