साबा : जिथे रस्ता होणार नव्हता

[दृश्य: लॅडर बे. काळ्या गोट्यांवर फुटणाऱ्या लाटा. कॅमेरा पायऱ्यांवरून वर सरकतो.]

होडीतून पियानो उतरवायचा आहे. किनाऱ्याला धक्का नाही, वाळूही नाही, नुसते गोटे. कंबरभर पाण्यात उभी असलेली माणसं लाट ओसरायची वाट बघतात, होडी घट्ट धरतात आणि पियानो खांद्यावर घेतात. पुढे आठशे पायऱ्या आहेत. कड्यात खोदलेल्या, मिठाच्या वाऱ्याने झिजलेल्या, कठड्याशिवाय. तासाभराने, दोन तासांनी, कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो पियानो भिंतीला लागतो.

साबा बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिठाची पोती, पलंग, घराचं लाकूड, औषधं सगळं असंच वर गेलं. पाहुणा आलेला बिशपसुद्धा. या बेटाचा इतिहास सांगताना राजे आणि तह यांना फार जागा देऊन उपयोग नाही. खाली समुद्रात आलेली वस्तू वर गावात कशी पोचली, एवढं विचारत गेलं तरी चारशे वर्षं समजतात.

[नकाशा: ईशान्य कॅरिबियन. सेंट मार्टिन, सिंट युस्टेशियस, साबा.]

सेंट मार्टिनच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटरवर समुद्रातून एक सुळका वर आलेला दिसतो. तेच साबा. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. मुळात हा एकच ज्वालामुखी आहे, आता झोपलेला. त्याचं शिखर माउंट सीनरी, उंची पावणेनऊशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या रायगडापेक्षा थोडा जास्तच उंच, पण पायथ्याशी पाचाड नाही, कोकण नाही. गडाचा कडा सरळ समुद्रात उतरलेला.

बेट आज नेदरलँड्सच्या ताब्यात आहे. त्यामुळे नेदरलँड्सच्या राज्यातला सगळ्यात उंच डोंगर युरोपात नसून इथे, अटलांटिकच्या पलीकडे आहे. युरोपातल्या नेदरलँड्समधला सर्वांत उंच माथा सव्वातीनशे मीटरसुद्धा भरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे रस्त्याच्या गोष्टीत उपयोगी पडेल.

ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक सतराव्या शतकात, १६४०च्या सुमाराचा मानतात. उतारांवर लाव्हाचे घुमट अजून स्पष्ट दिसतात, किनाऱ्यालगत गरम पाण्याचे झरे आहेत आणि उत्तरेच्या कड्यात गंधकाच्या जुन्या खाणीचे बोगदे. नदी एकही नाही. पाऊस पडतो तो छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून घराखालच्या टाकीत. साबावर घर बांधताना आधी टाकी, मग भिंती.

वाळूची मात्र एक गंमत आहे. वायव्येच्या वेल्स बे इथे वसंतात समुद्र वाळू आणून टाकतो, काही महिने लोक तिथे पोहतात, आणि शरद ऋतूतल्या लाटा ती वाळू पुन्हा ओढून नेतात. किनाराच हंगामी. कॅरिबियनच्या जाहिरातींतला पांढरा पुळणकाठ शोधत कुणी इथे आलं तर त्याने कॅलेंडर बघून यावं.

[दृश्य: धुक्यातलं जंगल. झाडनेचे, शेवाळलेले बुंधे.]

विंडवर्डसाइड गावातून १०६४ पायऱ्या चढून गेलं की आपण ढगात शिरतो. शिखराभोवती बहुतेक दिवस ढग अडकलेला असतो आणि त्या ओलाव्यावर वेगळंच जंगल वाढलं आहे: झाडांच्या उंचीचे नेचे, बुंध्यांवर शेवाळ, त्या शेवाळावर आमरी, म्हणजे ऑर्किड. खाली किनाऱ्याजवळ मात्र काटेरी झुडपं आणि निवडुंग. या दोन टोकांमधलं सरळ अंतर अगदी थोडं आहे.

माणूस इथे फार पूर्वीपासून येत होता. प्लम पीस नावाच्या जागी, बेटाच्या चांगल्याच उंच भागात, लायडन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. तिथल्या उकिरड्यात भरपूर होती ती खेकड्यांची कवचं आणि ऑड्युबॉन शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची हाडं. हा पक्षी दिवसभर समुद्रावर असतो आणि घरट्यासाठी डोंगरातल्या कपारी शोधतो. म्हणजे ती माणसं मासे सोडून खेकडे आणि पक्षी खायला डोंगरावर चढत होती. तोच पक्षी आज साबाच्या मानचिन्हावर आहे.

१४९३च्या नोव्हेंबरात कोलंबसने हे बेट पाहिलं आणि तो उतरला नाही. उतरणार कुठे?

१६४०च्या आसपास शेजारच्या सिंट युस्टेशियसवरून डच वसाहतवाले आले. मग पुढची पावणेदोनशे वर्षं झेंडे बदलत राहिले: डच, इंग्रज, मध्येच फ्रेंच, पुन्हा डच. १६६५ मध्ये जमैकाहून आलेल्या इंग्रज खासगी लढवय्यांनी, म्हणजे सरकारी परवान्याने शत्रूला लुटणाऱ्या खलाशांनी, बेट घेतलं. शेवटी १८१६ मध्ये ते कायमचं डचांकडे गेलं. लोक मात्र या सगळ्या काळात इंग्रजीच बोलत राहिले; आजही घरातली, शाळेतली, दुकानातली भाषा इंग्रजीच.

साबाला तटबंदी लागत नव्हती. लोकांनी वाटेच्या वर, कड्याच्या कडेला लाकडी फळ्यांवर धोंड्यांचे ढीग रचून ठेवले होते असं सांगतात. शत्रू अरुंद पायऱ्यांवर अर्ध्यात आला की आधार काढायचा. धोंडे आपोआप खाली जात. सह्याद्रीत गड राखलेल्या लोकांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

१७०१ मध्ये लाबा नावाचा एक फ्रेंच पाद्री इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलं की या बेटावरचा मुख्य धंदा जोडे शिवण्याचा आहे. चढउतार बघितले की नवल वाटत नाही.

[दृश्य: फ्लॅट पॉइंट. दगडी भिंतींचे अवशेष, मागे धावपट्टी.]

पण जोडे आणि धोंडे यांच्या गोष्टीत एक बाजू सहज झाकली जाते. ईशान्येच्या फ्लॅट पॉइंटवर, लाव्हा थिजून तयार झालेल्या बेटावरच्या जवळपास एकमेव सपाट जिभेवर, ऊस आणि नीळ यांच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. ते काम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं. मोठे मळे उभे राहावेत एवढी सपाट जमीन साबावर नव्हती, म्हणून इथली गुलामगिरी बार्बाडोस किंवा जमैकासारखी अवाढव्य झाली नाही. त्यावरून कधीकधी असं सांगितलं जातं की इथे मालक आणि गुलाम शेजारीशेजारी कष्ट करत, सगळं सौम्य होतं. शेजारी राबणाऱ्या दोघांपैकी एकाला विकता येत होतं, हे त्या सांगण्यात राहून जातं. डच कॅरिबियनमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी.

पुढे साबाचे पुरुष समुद्रावर गेले. शेतीला जमीन नाही, पण पोरगा चालायला लागल्यापासून होडी हाताळणारा; त्यामुळे साबाचे खलाशी आणि कप्तान दूरदूरच्या जहाजांवर दिसायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर बेटावर नौकानयनाची शाळाच चालली. नंतर क्युरासाव आणि अरुबा इथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने निघाले आणि पुरुष तिकडे गेले. घरी बायका, म्हातारे, मुलं. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांत बायका किती होत्या हे जुन्या छायाचित्रांत दिसतं.

[दृश्य: हात. सुई. ताणून बसवलेलं लिनन.]

याच बायकांनी बेटाचा पहिला निर्यातीचा व्यवसाय उभा केला. मेरी गर्ट्रूड जॉन्सन ही साबाची मुलगी व्हेनेझुएलात, काराकासच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकायला होती. तिथल्या नन्सकडून ती एक नाजूक सुईकाम शिकली: लिननच्या कापडातले ठरावीक धागे काढून घ्यायचे आणि उरलेल्या धाग्यांना सुईने बांधत नक्षी तयार करायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परत येऊन तिने ते इथे शिकवलं. १८८४ मध्ये टपाल नियमित झालं, आणि मग रुमाल, टेबलक्लॉथ, ब्लाउजचे गळे पाकिटांतून अमेरिकेला जाऊ लागले. गिऱ्हाईक कुठून मिळवलं? दुकानात येणाऱ्या मालाच्या वेष्टनांवर अमेरिकन कंपन्यांचे पत्ते असत. बायकांनी ते उतरवून घेतले आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना पत्रं लिहिली, असं बेटावर सांगतात.

मला या हिशेबाचं कौतुक वाटतं. वर आणायला जड ते सगळं, पण खाली पाठवायला निवडलेला माल असा की आठशे पायऱ्या उतरताना पाकिटाचं वजन जाणवूही नये.

[दृश्य: फोर्ट बे. खालून वर वळत जाणारा काँक्रीटचा रस्ता.]

आता रस्ता.

१९३०च्या दशकापर्यंत साबावर गावागावांना जोडत होत्या त्या पायवाटा आणि पायऱ्या. राजधानी द बॉटम समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटर वर, डोंगरांच्या वाटीत. त्याही वर सेंट जॉन्स आणि विंडवर्डसाइड, पलीकडे हेल्स गेट. मेरीज पॉइंट नावाची एक वाडी तर इतकी आडबाजूला होती, आणि तिच्याखालचा कडा इतका ढासळत होता, की सरकारने १९३४ मध्ये ती सगळीच्या सगळी द बॉटमला हलवली. माणसं आली आणि घरंही सुटी करून, फळी फळी वाहून आणली.

नेदरलँड्सच्या इंजिनिअरांनी डोंगर बघितला आणि सांगितलं, इथे रस्ता होणार नाही. ज्यांच्या देशात रस्त्यापेक्षा समुद्र उंच असतो, त्यांचं हे मत होतं. पण उतार बघितला तर त्यांना फार दोषही देता येत नाही.

जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल हा साबाचाच माणूस, व्यवसायाने सुतार. त्याने टपालाने शिकवला जाणारा रस्तेबांधणीचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना घेऊन किनाऱ्यावरच्या फोर्ट बेपासून काम सुरू केलं. यंत्रं नव्हती. पहारी, फावडी, ढकलगाड्या आणि हातांनी रचलेल्या दगडी भिंती. पहिला टप्पा, फोर्ट बे ते द बॉटम, पुरा व्हायला १९४३ उजाडलं. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढंही नाही.

रस्ता झाला, गाडी नव्हती. १९४७च्या मार्चमध्ये पहिली जीप आली. धक्का नसल्याने दोन होड्या शेजारीशेजारी बांधल्या, त्यांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर जीप, आणि लाटेचा अंदाज घेत ती किनाऱ्याला लावली. त्यानंतर रस्ता पुढे सरकत राहिला. १९५१ मध्ये विंडवर्डसाइडला आणि १९५८ मध्ये हेल्स गेटपर्यंत पोचून पुरा झाला. वीस वर्षं. साबाचे लोक त्याला नुसतं ‘द रोड’ म्हणतात. दुसरा नाहीच.

[दृश्य: ट्विन ऑटर विमानाची कॉकपिट. समोर कडा, मग अचानक धावपट्टी.]

रस्ता संपल्याच्या पुढच्याच वर्षी रेमी द हेनेन हा सेंट बार्थेलेमी या जवळच्या बेटावरचा वैमानिक बेटावर घिरट्या घालून गेला. उतरण्यासारखी एकच जागा त्याला दिसली: फ्लॅट पॉइंट, तीच ऊस-निळीची जीभ. गावकऱ्यांनी हातांनी धोंडे बाजूला केले आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याने तिथे विमान उतरवून दाखवलं. १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. धावपट्टी साधारण ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा, कड्याखाली समुद्र. नियमित प्रवासी विमानं उतरतात अशा धावपट्ट्यांमध्ये ही जगातली सगळ्यात आखूड समजतात. जेट विमानाचा प्रश्नच नाही. सेंट मार्टिनहून ट्विन ऑटर हे छोटं पंख्याचं विमान येतं आणि पंधरा मिनिटांच्या आत पोचतं. वैमानिकाला त्यासाठी खास प्रशिक्षण घ्यावं लागतं.

चोवीस तास वीज आली १९७० मध्ये. फोर्ट बेला खरा धक्का बांधला गेला १९७२ मध्ये. रस्त्याआधी बंदर हवं, विमानतळाआधी वीज हवी असा आपला समज असतो. साबावर क्रम उलटा झाला.

[दृश्य: पाण्याखाली. प्रवाळाने मढलेले सुळके.]

पर्यटन आलं तेही वाळूशिवाय. ज्वालामुखीचे कडे पाण्याखालीही तसेच तुटत जातात आणि खोल समुद्रातून सुळके वर आलेले आहेत, प्रवाळ आणि स्पंज यांनी झाकलेले. १९८७ मध्ये बेटाभोवतीचा सगळा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित झाला. ज्या खडकाळ किनाऱ्याने गलबतं दूर ठेवली, त्यानेच पाणबुडे आणले. द बॉटममध्ये १९९०च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथे मुख्यतः अमेरिका-कॅनडाचे विद्यार्थी शिकतात आणि दोन हजारांच्या वस्तीत त्यांची संख्या चांगलीच जाणवते.

१० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिलीस हा कॅरिबियनमधल्या डच बेटांचा गट विसर्जित झाला आणि साबा नेदरलँड्सची विशेष नगरपालिका बनली. पुढच्या १ जानेवारीपासून चलन अमेरिकी डॉलर. कारभार नेदरलँड्सचं सरकार बसतं त्या हेगशी, व्यवहार डॉलरमध्ये, बोलणं इंग्रजीत. दुकानदाराला यात काही विचित्र वाटत नाही.

भाजी, सिमेंट, गॅसचे सिलिंडर आजही मालवाहू बोटीने फोर्ट बेला येतात. समुद्र खवळला तर बोट मागे फिरते आणि दुकानातली फळी रिकामी राहते. चक्रीवादळांनी हा धक्का वेळोवेळी मोडला आहे, म्हणून ब्लॅक रॉक्स इथे नवं बंदर बांधायची योजना आहे; ती अपेक्षेपेक्षा रेंगाळली आणि खर्चही वाढला. तोवर बोट लागली की ट्रक खाली उतरतात, भरतात आणि पहिल्या गिअरमध्ये हॅसेलच्या वळणांवरून वर चढतात.