अळीनं पान खाल्लं, पुढे काय?

आभाळ निरभ्र आहे, तरी पाचोळ्यावर रिमझिम ऐकू येतेय. वर शेंड्यांवर हजारो अळ्या पानं कुरतडतायत आणि त्यांची विष्ठा कणाकणानं खाली पडतेय.

झाड बोडकं झालं तर नुकसान मोठं, पानांना चार भोकं पडली तर किरकोळ, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये मायकेल क्रॉली यांनी काही ओक वृक्षांवर कीटकनाशक फवारलं, काही तसेच ठेवले. न फवारलेल्यांची पानं किड्यांनी जेमतेम ८ ते १२ टक्के खाल्ली होती. लांबून पाहणाऱ्याला झाड हिरवंगारच दिसावं. पण फवारलेल्या झाडांना त्यांच्या दुपटीहून जास्त बिया धरल्या. १९८५ साली हे प्रसिद्ध झालं. पानं कमी म्हणजे अन्न कमी. झाड स्वतः तगतं, कात्री लागते ती बियांना.

मग अळी जंगलाची वैरीण म्हणायची का? जरा खाली बघू.

दाट जंगलात वरची पानं उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतात. जमिनीवर उतरतो तो बहुतेक त्या लालाच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश. मोकळ्या जागेत वाढणाऱ्या कित्येक झाडांच्या बारीक बिया हा फरक ओळखतात. त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. डोक्यावर सावली आहे, एवढं त्यावरून कळलं की बी मातीत पडून राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. अळ्यांनी वरचं छत पुरतं विरळ केलं, की लाल प्रकाश जमिनीपर्यंत पोचतो. माती दिवसा तापते, रात्री निवते. बी जागी होते. वरून पडलेल्या विष्ठेतला नायट्रोजनही मातीत मुरतो, थोडा पावसाबरोबर वाहूनही जातो.

उगवलेलं रोप कुठे उभं आहे, यावर मग पुष्कळ ठरतं. डॅनियल जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, दोघांनी वेगवेगळा, पण एकच विचार मांडला: आईच्या पायाशी उगवणं धोक्याचं. एकाच जातीवर जगणारे किडे त्या झाडावर ठाण मांडून असतात, आणि मोठ्या झाडाला न जाणवणारी एक अळी रोपाची सगळी पानं एका रात्रीत संपवू शकते. ती जागा मग दुसऱ्याच जातीच्या रोपाला मिळते, कारण या अळीला त्याची चवच नसते.

आईपासून बरंच लांब, वाऱ्यानं नेऊन टाकलेल्या बीतून एक रोप वर आलंय. पानं दोनच, त्यातल्या एकाची कड कुरतडलेली.