इलेक्ट्रिक गाडीचे टायर एवढ्या लवकर का जातात?

(हातात जुना टायर, कॅमेऱ्यासमोर धरलेला)

हा माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा पुढचा डावा टायर. बाहेरून बघा. नक्षी आहे ना? मीही रोज एवढंच बघत होतो. आता उलटा करतो. ही आतली कडा. इथे रबर संपलंय आणि तार दिसतेय. पंक्चरवाल्या चाचांनी दाखवली तेव्हा माझा विश्वासच बसेना. गाडी चालली होती फक्त 26 हजार किलोमीटर, आणि आधीच्या पेट्रोल गाडीचे टायर तर 45 हजार गेले होते. मग मी आधी टायरवर चिडलो, नंतर बॅटरीवर. दोघांवरही थोडा अन्यायच केला.

बॅटरीचं आधी बोलू, कारण सगळे तिलाच शिव्या घालतात. 2020 साली आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही घ्या. वजन 1400 किलो, म्हणजे पेट्रोलवाल्या नेक्सॉनपेक्षा साधारण दीडशे किलो जास्त. दोन धडधाकट पाहुणे कायमचे गाडीत बसलेत असं समजा. फरक पडतो, पण टायरचं आयुष्य निम्म्यावर यावं एवढा नाही.

टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा, वाटा मोठा आहे. त्याच गाडीचा टॉर्क 245 न्यूटन मीटर, पेट्रोल नेक्सॉनचा 170. आणि पेट्रोल इंजिनाला तिथवर पोचायला आधी फिरावं लागतं. मोटर मात्र शून्यापासून सगळा जोर देते. सिग्नल सुटला, पाय दाबला, गाडी पुढे आणि मागचे सगळे आरशात. मजा येते, मलाही येते. पण ते सगळं ओझं पडतं रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरावर.

शाळेतला खोडरबर आठवा. हलक्या हाताने खोडलं तर वर्षभर पुरायचा, दाबून खोडलं की आठवड्यात बारीक. टायरही रस्त्यावर नुसता फिरत नाही, प्रत्येक वेळी किंचित घसरतो. जोर दुप्पट केला तर झीज दुपटीपेक्षा जास्त होते.

बरं, पाय सोडला तरी सुटका नाही. ब्रेक न दाबता गाडी स्वतः वेग कमी करते आणि बॅटरी भरते, ते रीजन. पुण्याहून नाशिकला जाताना चंदनापुरीचा घाट उतरताना मी ब्रेकला जवळपास हातच लावत नाही. अहो, पायच! ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण गाडी थांबवायचं काम शेवटी टायरच करतो. साधा ब्रेक चारही चाकांवर लागतो, आणि माझ्या गाडीत मोटर पुढे असल्यामुळे रीजन लागतं फक्त पुढच्या दोन चाकांवर. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, थांबवायचंही त्यांनीच. म्हणून रीजन बंद करा असं मी सांगणार नाही. तो फुकटचा चार्ज आहे, घ्या.

2018 मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये गुडइयरने सांगितलं होतं की इलेक्ट्रिक गाडीवर साधे टायर 30 टक्क्यांपर्यंत लवकर झिजतात. नवा टायर विकणाऱ्याचा आकडा आहे, त्या बेताने ऐका. पण तो खरा धरला तरी माझे 45 हजारांचे साधारण 31-32 हजार व्हायला हवे होते. उरलेले पाच-सहा हजार गेले कुठे?

ते गेले पेट्रोल पंपावर. म्हणजे मी तिथे जात नाही म्हणून!

पेट्रोल गाडी असताना दर आठवड्याला पंपावर जायचो, तिथला पोरगा विचारायचा, "हवा बघू का?" ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढायची, मेकॅनिक सहज खालून नजर टाकायचा, पुढचे टायर मागे करून द्यायचा. आता गाडी घरी पार्किंगमध्ये चार्ज होते. ऑइलच नाही, तर बदलायचं काय? चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा जाते. माझ्या गाडीला पाच महिन्यांत कुणी गेज लावला नव्हता. हवा कमी असताना दीडशे किलो जादा वजन म्हणजे कडा घासल्याच.

आणि आतलीच कडा का? अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, ते बिघडलं. खड्ड्यात चाक आदळलं आणि टायरची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर बाहेर गेली असं समजा. साधारण 65 सेंटिमीटरचा टायर असेल तर हिशोबाने तो दर किलोमीटरला दीड मीटर आडवा फरपटतो. दहा हजार किलोमीटरला पंधरा किलोमीटर! स्टिअरिंगला काहीच जाणवत नाही.

(गाडीजवळ, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं)

म्हणून आता मी असं करतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, उतरायचं आणि आतल्या कडेवर बोट फिरवायचं. खाचेत हे छोटे उंचवटे दिसतात का? यांची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. पावसाळ्यात मी तिथवर थांबत नाही, नक्षी तीन मिलिमीटरला आली की बदलतो. हवा पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर गार असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, तोच. आठ हजाराला पुढचे मागे, मागचे पुढे, आणि त्याच वेळी अलाइनमेंट.

नवे टायर घेताना एक भांडण मात्र करावं लागलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, हाच साइज आहे, स्वस्तात देतो." साइज तोच होता, पण साइजच्या पुढचा आकडा 91. माझ्या जुन्या टायरवर 95 आहे. 95 म्हणजे एका टायरला 690 किलो, 91 म्हणजे 615. बॅटरीवाल्या गाडीला तो कमी आकडा नको म्हटलं. तो म्हणाला, काही होत नाही हो. मी दुसऱ्या दुकानात गेलो.

(नक्षीची खोली मोजायचा गेज टायरवर)

नवे टायर आता 11 हजार चाललेत. पुढचा, आतली कडा... 5.9 मिलिमीटर. बाहेरची... 6. मागचा 6.3. सिग्नलवर पाय अजून आवरत नाही, तो फरक इथे दिसतोय.