वय्यिगश: जेरुसलेममधील एका पाठाचा आठवडा

(दृश्य: चर्मपत्रावर फिरणारी लेखणी, अगदी जवळून.)

सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची हस्तलिखित गुंडाळी, लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. प्रचलित परंपरेनुसार त्याच्या हातून 3,04,805 अक्षरे उतरावी लागतात आणि त्यांतले एकही कमी पडून चालत नाही. चर्मपत्र शुद्ध मानलेल्या जनावराच्या कातड्याचे असते. त्यावर आधी शाईविना, नुसत्या टोकाने रेघा ओढल्या जातात, आणि हिब्रू अक्षरे त्या रेघेवर न बसता तिच्याखाली लोंबत राहतात. प्रत्येक शब्द समोरच्या प्रतीतून पाहून, तोंडाने उच्चारून मगच लिहायचा असतो. सगळे तोंडपाठ असले तरी आठवणीवर लिहिण्याची मुभा नाही. देवाचे नाव आले की सोफेर थांबतो, हे नाव आपण पवित्र हेतूने लिहीत आहोत असे स्पष्ट शब्दांत म्हणतो आणि मग लेखणी टेकवतो. इतर अक्षर चुकले तर ते खरवडून पुन्हा लिहिता येते, परंतु लिहिलेले नाव पुसता येत नाही, आणि त्यात दोष राहिला तर तो सबंध ताव बाजूला काढून पुढे सन्मानाने पुरला जातो. उरलेले ताव जनावराच्या स्नायूंपासून केलेल्या धाग्याने एकमेकांना शिवले जातात. एक गुंडाळी पुरी व्हायला साधारणपणे वर्ष लागते. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि वचनांचे क्रमांकही नसतात.

(दृश्य: कपाट उघडते, मखमली आवरणातील गुंडाळी बाहेर येते.)

येशू हाच इस्राएलला वचन दिलेला मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, आहे असे मानणारे, आणि तरीही यहुदी म्हणूनच जगणारे लोक दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी, हीच गुंडाळी, याच अक्षरांत वाचतात. त्यांना मशीही किंवा मेसियानिक यहुदी म्हणतात, आणि येशूचा उल्लेख ते त्याच्या हिब्रू नावाने, येशुआ असा करतात. पडद्यावर दिसणारी मंडळी जेरुसलेममधील आहे, ऋतू हिवाळ्याचा आहे आणि आठवड्याचा पाठ वय्यिगश हा आहे.

पाच पुस्तके एकूण 54 पाठांत विभागलेली आहेत. एकेका पाठाला पराशा म्हणतात, आणि वर्षभरात सगळे पाठ पुरे व्हावेत म्हणून काही आठवड्यांत दोन पाठ जोडून वाचले जातात. सिम्हात तोराच्या सणाला अनुवाद या पाचव्या पुस्तकाचा शेवट आणि उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा आरंभ एकाच बैठकीत वाचतात, त्यामुळे वाचनात एका दिवसाचाही खंड पडत नाही. ही वार्षिक पद्धत बाबेलच्या यहुद्यांकडून आली. पवित्र भूमीतील प्राचीन सभास्थानांत, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहांत, हेच वाचन सुमारे तीन वर्षांत पुरे होत असे. या साऱ्याच्या मुळाशी एज्रा हा शास्त्री आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात तो पाणीवेशीसमोर लाकडी मंचावर उभा राहतो, पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी वंशातील मंदिरसेवक लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून देतात. वाचणे आणि समजावणे यांची ती जोडी पुढे कधी सुटली नाही.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा की वाचक उतारा निवडत नाही. समुद्र दुभंगल्याचे गीत जसे वाट्याला येते, तसेच त्वचारोगाचे आणि बुरशी लागलेल्या भिंतींचे लेवीय पुस्तकातले नियमही येतात, आणि दोन्हींसमोर सारखेच बसावे लागते. आवडती वचने तेवढी निवडून वाचणाऱ्याला मशीहा आपल्याला हवा तसाच सापडतो. क्रमाने वाचणाऱ्याला तो मोशेने मांडलेल्या क्रमाने सापडतो. या मंडळीचे सारे म्हणणे या एका गोष्टीत आहे, आणि या चित्रफितीचेही तेच आहे.

(दृश्य: मंगळवारची संध्याकाळ, लांब मेज, उघडी पुस्तके, चहाचे पेले.)

मधल्या दिवशी अभ्यासगट जमतो. ताल्मुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील जुनी सूचना अशी आहे की आठवड्याचा पाठ मूळ भाषेत दोनदा आणि अरामी भाषांतरात एकदा वाचावा. या मेजावर हिब्रूबरोबर रशियन, इंग्रजी आणि अम्हारिक भाषांतले ग्रंथ उघडलेले दिसतात, कारण माणसे अनेक देशांतून आलेली आहेत. रशी या अकराव्या शतकातील फ्रान्समधल्या भाष्यकाराचे भाष्य प्रत्येकाच्या हाताशी आहे. मशीही अभ्यासक रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, भाष्यांना दूर ठेवतात असा समज असलेल्या प्रेक्षकाने हे मेज नीट पाहावे.

वय्यिगश उत्पत्तीच्या 44 व्या अध्यायातील 18 व्या वचनापासून 47 व्या अध्यायातील 27 व्या वचनापर्यंत आहे आणि त्याची एकूण 106 वचने आहेत. याकोबाचा मुलगा योसेफ भावांनी विकल्यावर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला आहे. धान्यासाठी तिथे आलेल्या त्याच्या भावांपैकी बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडला आहे, आणि त्याला गुलाम म्हणून ठेवून घेण्याचा हुकूम झाला आहे. तेव्हा यहूदा हा भाऊ पुढे होतो. ज्याने एकेकाळी योसेफाला विकण्याची कल्पना सुचवली होती, तोच आता म्हणतो की मुलाच्या जागी मला ठेवा, कारण मुलाशिवाय बापाकडे परत जाणे मला शक्य नाही. हे भाषण उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्वांत लांब भाषणांपैकी एक आहे, आणि ते संपते तिथे योसेफाला स्वतःला आवरता येत नाही. तो सगळ्या परक्यांना बाहेर पाठवतो, मोठ्याने रडतो आणि म्हणतो, मी योसेफ आहे. माझा बाप अजून जिवंत आहे काय? भावांना उत्तर देता येत नाही.

अभ्यासगट या क्षणापाशी बराच वेळ थांबतो, आणि थांबावे असेच ते स्थळ आहे. योसेफाने भावांना केव्हाच ओळखले होते, भावांनी त्याला ओळखले नव्हते. त्याच्या अंगावर मिसरी वस्त्रे होती, त्याचे नाव मिसरी होते, आणि तो भावांशी दुभाष्याच्या मार्फत बोलत होता. मशीही यहुदी या चित्रात येशुआला पाहतात: आपल्याच भावांनी नाकारलेला, परक्या राष्ट्रांत उंचावलेला, अनेक शतके परक्या पोशाखात आणि परक्या भाषेत वावरल्यामुळे आपल्या घरच्यांना अनोळखी झालेला, आणि तरीही त्या घराला दुष्काळात अन्न पुरवणारा. नव्या करारात हे सूत्र येशूचा अनुयायी स्तेफन याच्या भाषणात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात तो मुद्दाम सांगतो की योसेफाची ओळख भावांना दुसऱ्या खेपेस पटली. यहुदी परंपरेतही योसेफाच्या वंशातील, दुःख सोसणाऱ्या मशीहाची कल्पना ताल्मुदाच्या सुक्का या भागात आढळते. रब्बींच्या मते तो आणि दाविदाचा पुत्र, म्हणजे दावीद राजाच्या वंशातला मशीहा, या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत, तर या मेजाभोवतीच्या माणसांना दोन्ही रूपे एकाच व्यक्तीत, दोन आगमनांत दिसतात.

(दृश्य: शुक्रवार दुपार. वाचक सराव करतो आहे.)

शब्बाथच्या दिवशी मंडळीने कॅमेरा बंद ठेवण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते. त्यामुळे पडद्यावर दिसतो तो वाचकाचा आदल्या दिवशीचा सराव. त्याच्यासमोर तिक्कुन नावाचे पुस्तक आहे, ज्यात एका स्तंभात स्वर आणि सुरांच्या खुणांसह मजकूर असतो आणि दुसऱ्या स्तंभात गुंडाळीत असतो तसा उघडा. तो आधी एका बाजूने गातो, मग दुसरी बाजू पाहून तेच पुन्हा गातो. प्रत्यक्ष वाचनाच्या वेळी हाताचा स्पर्श अक्षरांना होऊ नये म्हणून तो याद नावाची चांदीची दर्शिका वापरतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले जाणकार एक उच्चार चुकला तरी त्याला थांबवतात. शब्बाथला हा पाठ सात भागांत वाचला जातो आणि प्रत्येक भागासाठी एकेका व्यक्तीला वर बोलावले जाते.

गुंडाळीवरील या जागेकडे लक्ष द्यावे. दोन पाठांच्या मध्ये एरवी मोकळी जागा सोडलेली असते. वय्यिगश संपून पुढचा पाठ सुरू होतो तिथे मात्र तशी जागा नाही, आणि ओळ न थांबता पुढे जाते. रशी म्हणतो की याकोबाच्या मृत्यूबरोबर दास्याचे दुःख सुरू झाले आणि इस्राएलचे डोळे व हृदय मिटले, म्हणून हा पाठही मिटलेला आहे.

तोरानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथातील जोडवाचन येते, त्याला हफ्तारा म्हणतात. वय्यिगशची हफ्तारा यहेज्केलाच्या 37 व्या अध्यायातील आहे: संदेष्टा एका काठीवर यहूदाचे आणि दुसरीवर योसेफाचे नाव लिहितो, दोन्ही हातात एकत्र धरतो, आणि देव सांगतो की त्यांचे एक राष्ट्र होईल, त्यांचा एकच मेंढपाळ असेल आणि माझा सेवक दावीद त्यांच्यावर राज्य करील. मशीही मंडळींत यानंतर नव्या करारातील तिसरे वाचन होते. या दिवशी ते योहानाच्या दहाव्या अध्यायातील होते, जिथे येशुआ एक कळप आणि एक मेंढपाळ असे म्हणतो.

(दृश्य: ग्रीक अक्षरे कोरलेला चुनखडीचा दगड, मग गालील समुद्राचा पश्चिम किनारा.)

हा दगड जेरुसलेममध्ये 1913 मध्ये उत्खननात सापडला. त्यावर थिओडोटस नावाचा याजक सांगतो की त्याने हे सभास्थान नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि आज्ञांच्या शिक्षणासाठी बांधले. बहुतेक अभ्यासक हा लेख इसवी सन 70 मध्ये मंदिराचा विध्वंस होण्यापूर्वीचा मानतात. गालीलच्या किनाऱ्यावर मग्दला येथे 2009 मध्ये त्याच काळातले सभास्थान उघडकीस आले, आणि त्यातील दगडावर सात शाखांची समई कोरलेली आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशुआ आपल्या परिपाठाप्रमाणे नासरेथच्या सभास्थानात जातो, वाचायला उभा राहतो, यशयाची गुंडाळी उलगडतो आणि हा लेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे असे सांगतो. ज्याला आपण मशीहा म्हणतो तो या वाचनाच्या घरात वाढला, तर त्याच्या शिष्यांनी ते घर सोडण्याचे काही कारण उरत नाही.

(दृश्य: एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे.)

या चळवळीच्या आधुनिक आरंभाची एक वाट किशिनेवला जाते. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते मोल्दोव्हाची राजधानी आहे. तेथील योसेफ राबिनोविच हा यहुदी विद्वान 1881 मध्ये सुरू झालेल्या यहुद्यांविरुद्धच्या दंगलींनंतर, आपल्या लोकांना आसरा शोधण्यासाठी 1882 मध्ये पवित्र भूमीत गेला. परतताना त्याचा निष्कर्ष असा होता की त्या भूमीची किल्ली आपला भाऊ येशू याच्या हाती आहे. त्याने किशिनेवमध्ये स्थापलेल्या मंडळीत शब्बाथला तोराची गुंडाळी वाचली जाई, आणि नव्या करारासाठी फ्रान्झ डेलिच यांचे 1877 मधील हिब्रू भाषांतर हाताशी होते. योसेफ नावाच्या माणसाने येशूला भाऊ म्हणावे, हे वय्यिगशच्या आठवड्यात आठवल्याशिवाय राहत नाही. राबिनोविच 1899 मध्ये वारला.

बहुसंख्य यहुदी समाज या मंडळींना आपल्या धर्मात मोजत नाही, काही घरांतील नाती या विश्वासापायी तुटतात, आणि 1989 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने परतीच्या कायद्याखालील, म्हणजे यहुद्यांना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा, हक्कही अशा व्यक्तींना नाकारला.

(दृश्य: कोकणातील सभास्थानाचे दार, आतील दिवे.)

मराठी प्रेक्षकाला हा पाठ तितका दूरचा नाही. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ तेव्हा गुंडाळी नव्हती, शेमा ही प्रार्थना आणि शब्बाथ मात्र होते. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले. येशुआविषयीची मशीही श्रद्धा हा समाज मानत नाही, आणि त्यांचे वाचन त्यांचे स्वतःचे आहे. तरीही जेरुसलेममध्ये वय्यिगश वाचला जातो त्याच शनिवारी कोकणाशी नाते सांगणाऱ्या सभास्थानांतही तोच पाठ असतो.

पुढच्या आठवड्याचा पाठ वयेही आहे, उत्पत्ती 47:28 पासून 50:26 पर्यंत, आणि त्याची हफ्तारा पहिल्या राजे ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. राजदंड यहूदाकडून जाणार नाही हे याकोबाचे वचन त्यातच आहे, आणि मंगळवारच्या मेजावर त्याची चर्चा 49 व्या अध्यायातील दहाव्या वचनापासून सुरू होईल.