‘वरचे किती?’ हा प्रश्न आधी विचारू नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘जुनी गाडी एक्स्चेंजला द्यावी की बाहेर विकावी’, आणि त्याचं उत्तर द्यायचं मी कबूल करून बसलोय. ते देणार आहेच. पण आधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय, गेली काही वर्षं तो माझ्या डोक्यातून जातच नाहीये. शब्द आहे ‘वरचे’, म्हणजे जुनी गाडी शोरूमला देऊन नवी घेताना वर भरायचे पैसे.

जरा हात वर करा बघू, जुनी गाडी देऊन नवी घेतलेले इथे किती जण आहेत? बरेच आहेत की. आता हात तसेच ठेवा, आणि जुन्या गाडीचे त्यांनी नक्की किती धरले होते हे ज्यांना आठवतंय त्यांनीच वर ठेवा. बघा कसे भराभर खाली आले! आता सांगा, वरचे किती भरले ते कोणाकोणाला आठवतंय? परत सगळे वर. (हशा) हेच मला दाखवायचं होतं. आपण एका दिवसात दोन व्यवहार करतो, एक विकायचा आणि एक घ्यायचा, आणि लक्षात राहते फक्त त्यांची वजाबाकी. वजाबाकीतून मूळचे दोन आकडे परत काढता येत नाहीत, हे शाळेतल्या मुलालाही कळतं.

माझं काय झालं ते सांगतो. आमची गाडी नऊ वर्षांची, मी एकटाच मालक, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. नवी घ्यायची ठरली तेव्हा मी आणि बायको शोरूमला गेलो, आणि दारातच तिथल्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, ‘सर, जुनी गाडी आहे का?’ मी आनंदाने हो म्हणालो. तिथेच चुकलं, पण त्यावर नंतर येतो.

गाडी बघायला एक जण आला. शांत माणूस, जास्त बोलला नाही, पण त्याचं काम बघण्यासारखं होतं. खिशातून हाताच्या पंजाएवढं एक यंत्र काढलं आणि बॉनेटवर टेकवलं, मग दारांवर, डिकीवर, छतावर, टक टक टक करत गाडीभोवती फिरला. ते यंत्र रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १८० च्या आसपास असतो, परत रंगवलेला पत्रा २००-३०० च्या पुढे जातो, आणि खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तर आकडा हजाराच्याही वर जातो. आमच्या डाव्या मागच्या दारावर २९० आला. त्याने माझ्याकडे फक्त बघितलं. मी लगेच, ‘हो हो, पार्किंगमध्ये घासलं होतं, डेंटिंग नाही, नुसतं पेंटिंग.’ मग खाली बसून टायरवर बोट फिरवलं. टायरच्या कडेला कंपनीची जी लांबलचक अक्षरं असतात त्यांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. घरी गेलात की आपापले बघा, मला नऊ वर्षं गाडी चालवून हे माहीत नव्हतं. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. ते कशाला, तर विकायच्या आधी काही जण इंजिनच्या चेतावणीचा दिवा पुसून आणतात, पण पुसल्यावर गाडीच्या आतल्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, त्यावरून कळतं. बारा मिनिटांत काम खलास.

मग टेबलावर बसलो. आकडे मी खरे सांगत नाही, समजायला सोपं जावं म्हणून बाहेर तशी चांगली गाडी १०० ला मिळते असं धरा. ते म्हणाले, ‘सर, गाडीचे ६० होतात.’ माझा चेहरा पडला. बायको तर उठायलाच निघाली. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘थांबा मॅडम, एक्स्चेंज बोनस आहे ना, १० वेगळे.’ म्हणजे ७०. मग कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, ‘वरचे फक्त इतके.’ आणि तो आकडा आमच्या मनातल्या आकड्याच्या आतच होता हो! आम्ही सही केली, पेढे वाटले, सगळं छान.

महिन्याभराने मेव्हण्याने आमच्या नव्या गाडीसारखीच गाडी घेतली. तेच मॉडेल, तेच शोरूम. त्याच्याकडे जुनी गाडी नव्हती. त्याला रोख सूट किती मिळाली असेल? १०. मी म्हटलं मला का नाही दिली, तर मेव्हणा म्हणतो, ‘दाजी, कागदावर बारीक अक्षरात आहे बघा, ही सूट आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकत्र मिळत नाही.’ म्हणजे माझ्या गाडीसाठी म्हणून जे १० दिले ते माझेच होते! मी जुनी गाडी नसलेला माणूस म्हणून गेलो असतो तरी ते मिळालेच असते. गाडी ६० लाच गेली. हे मी त्या शोरूममध्ये जाऊन बोललो, ते म्हणाले सर तुम्ही सही केलीय. आणि ते खरंच होतं, सही मीच केली होती. पण बारा मिनिटं माझा टायरसुद्धा वाचणाऱ्या लोकांनी ते एक वाक्य मला तोंडी सांगायला काय हरकत होती? मला आजही याचा राग येतो, आणि आज तुमच्यासमोर उभा आहे तो त्या रागामुळेच.

पुढे आणखी एक झालं. आमची जुनी गाडी विक्रीला लागलेली दिसली, ९४ ला. ओळखली कशावरून, तर मागच्या काचेवर मुलीने लहानपणी चिकटवलेल्या फुलपाखराचा डिंकाचा ठसा, एक पंख अजून तसाच होता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या डोक्यात ६० आणि ९४, सरळ ३४ खाल्ले! पण तेव्हा ओळखीच्या एका मेकॅनिकने मला बसवून हिशेब समजावला, तोही तुम्हाला सांगायला हवा, नाहीतर मी त्या लोकांवर अन्याय करीन. चार टायर नवे, क्लच, दाराचं काम, पॉलिश. मग गाडी दोन-दोन महिने उभी राहते, तोवर त्यांचे पैसे अडकलेले, जागेचं भाडं चालू. विकल्यावर काही महिन्यांची वॉरंटी. आणि लावलेली किंमत कधी तशीच मिळत नाही, घासाघीस होतेच. हे सगळं काढलं तर ३४ पैकी हातात उरतो तो छोटा भाग. तेव्हा एक्स्चेंजला भाव कमी मिळतो म्हणजे लूट, असं मी म्हणत नाही. ते तुमचं काम आणि तुमचा धोका विकत घेतात आणि त्याचे पैसे कापतात. माझं भांडण कमी भावाशी नाहीच, दोन भाव एकात कालवून दाखवण्याशी आहे.

आता फुलपाखराचा विषय निघालाच आहे तर. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये एका प्रयोगाबद्दल लिहिलं. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि म्हणाले, विका. उरलेल्यांना म्हणाले, घ्या. ज्यांच्या हातात मग होता त्यांची किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग हातात येऊन किती वेळ झाला होता, काही मिनिटं! आणि आपली गाडी तर नऊ वर्षं आपल्याकडे असते, बाळाला दवाखान्यातून घरी त्याच गाडीतून आणलेलं असतं. समोरच्या पार्टीला ते दिसत नाही, तिला २९० मायक्रॉन दिसतात. म्हणून बाहेर विकताना आपण किंमत जास्त लावतो, मग गाडी पडून राहते, आणि तीन महिन्यांनी कंटाळून पहिल्या दिवशी नाकारलेल्या भावाला देतो. असं करणारे माझ्या ओळखीतले चार जण आहेत, दोन आज इथे बसलेत, नावं घेत नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा तेरा पानांचा एक निबंध आहे, जुन्या गाड्यांच्या बाजारावर. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याच्या मुळाशी हाच निबंध. म्हणणं असं की गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा मधला भाव देतो. तो मधला भाव चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो गाडी काढतच नाही, बाजारात खराब गाड्या वाढतात, आणि भाव आणखी उतरतो. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या घरातल्या फायलीची आठवण झाली. नऊ वर्षांची सगळी सर्व्हिस बिलं, तारखेनुसार लावलेली, प्रत्येकावर किलोमीटर. शोरूमच्या माणसाने ती उघडलीसुद्धा नाही! त्याला गरजच नव्हती, त्याच्याकडे यंत्र होतं. पण बाहेरच्या पार्टीकडे यंत्र नसतं, तिच्या मनात नुसती शंका असते, आणि शंकेपोटी ती जे पैसे कापते ते त्या फायलीने परत मिळवता आले असते. ती फाईल मी फुकट दिली.

(आयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं राहिलीत म्हणतात. बरं, मग आता मूळ विषय, जरा पटापट घेतो.

सगळ्यात आधी, नव्या गाडीचा भाव लेखी घ्या आणि तोवर जुन्या गाडीचं नाव काढू नका. विचारलं तर सांगा अजून ठरलं नाही, आणि ते खरंच असतं. मग जुनीचा भाव स्वतंत्र काढा, एकाच आठवड्यात दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून, ‘मी तुमच्याकडून काही घेणार नाही, नुसती विकायची तर किती?’ असं विचारून. तो झाला तुमचा तळ, त्याच्याखाली शोरूमलाही द्यायची नाही. नव्या गाडीचं कर्ज हा तिसरा व्यवहार, तोही वेगळा ठेवा. आणि एक्स्चेंज बोनस म्हणाले की एकच प्रश्न, एक्स्चेंज नसेल तर ही रक्कम सूट म्हणून मिळते का? हो म्हणाले तर तो बोनस जुन्या गाडीच्या भावात धरू नका.

मग फरक काढा. समजा एक्स्चेंजला ७२ आणि बाहेर ८५ मिळतील असं वाटतंय, इथे लोकांनी लावलेले भाव धरू नका, प्रत्यक्ष सुटलेले धरा. फरक १३. त्यातून साफसफाई, किरकोळ काम आणि जाहिरातीचे ३ गेले, विकायला दोन महिने लागतील तेवढ्यात गाडीची घट आणि विमा मिळून आणखी ३ गेले. उरले ७. काही देशांत एक्स्चेंज केलं तर नव्या गाडीवरचा विक्रीकर फक्त फरकावर लागतो, तसं तुमच्याकडे असेल तर वाचणारा कर या ७ मधूनही वजा करा, कधीकधी काहीच उरत नाही. उरलं तर बघा, फोन, फेऱ्या, कागद यात वीस-पंचवीस तास जातात, त्या तासांचे ७ तुम्हाला परवडतात का. कोणाला परवडतात, कोणाला नाही, यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं मत विचाराल तर गाडी मागणीतली असेल, एकाच मालकाची, बिलांची फाईल असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि घाई नसेल तर बाहेर विका, आणि पार्टीला तिचा मेकॅनिक घेऊन या असं आपणहून सांगा. गाडीवर कर्ज बाकी असेल, खूप जुनी असेल, मोठं काम निघालेलं असेल किंवा नवी उद्याच हवी असेल तर सरळ एक्स्चेंज. आणि गाडीत मोठा दोष आहे हे माहीत असेल तर कृपा करून तो लपवून कोणा घरच्या माणसाच्या गळ्यात मारू नका, त्या गाडीत त्याची मुलं बसणार असतात.

किलोमीटरचं राहिलं. २०१२ चा अमेरिकेतला एक अभ्यास आहे, दोन कोटींहून जास्त घाऊक व्यवहारांचा, त्यात दिसलं की दर दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडला की भाव पायरीसारखा खाली येतो, गाडी तीच असली तरी. तेव्हा गोल आकड्याच्या जवळ असाल तर ओलांडायच्या आधी विका.

टेस्ट ड्राइव्हला चावी देण्याआधी लायसन्स बघा आणि शेजारी बसा. पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी द्यायची नाही, मोबाईलवरचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. ताबा देताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, तासमिनिटांसकट, दोघांच्या सह्या, कारण गाडीच्या मालकीची नोंद बदलेपर्यंत दंड आणि अपघाताची विचारणा तुमच्याच नावाने येऊ शकते. आणि नोंद बदलून आल्याचा कागद स्वतः बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, ‘करतो हो साहेब’ वर थांबू नका.

वेळ संपली. प्रश्न असतील तर मी खाली चहाजवळ आहे, आणि कोणाची गाडी बाहेर उभी असेल तर चला, टायरचे चार आकडे आत्ताच बघून घेऊ.