सातवी प्रत

नमस्कार श्रोतेहो. आणि मांडीवर सूप घेऊन, हात पानात आणि कान रेडिओकडे ठेवून बसलेल्या माझ्या बिडी वळणाऱ्या बहिणींना वेगळा नमस्कार, कारण आजचं बोलणं बरंचसं तुमच्यासाठीच आहे.

मी वकील नाही. बायकांचे अर्ज लिहून देते, पुष्कळ वर्षं झाली. कामाच्या जागी बाई म्हणून कुणी त्रास देत असेल, तर तक्रार कुठे आणि कशी द्यायची, हा आजचा विषय. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. त्याच्या आधी 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात सांगितलं होतं की असा छळ म्हणजे बाईच्या समानतेच्या हक्कावर घाला. म्हणजे तो तिच्यापुरता खाजगी मामला उरत नाही. तो भेदभाव ठरतो.

एका बाईची गोष्ट सांगते. खरं तर तीन-चार जणींची मिळून मी एक केली आहे, कारण तक्रारदाराची ओळख उघड करायला हाच कायदा मनाई करतो आणि रेडिओलाही त्यातून सूट नाही.

ही बाई मे महिन्यात आली. कारखान्यात बिड्या जमा करताना तपासणारा चेकर नको ते बोलायचा, बिड्या मोजून घेताना हात धरायचा. मी विचारलं, पहिल्यांदा कधी झालं?

"अक्का, तारीख कुठं ध्यानात ऱ्हातीय? गड्ड्यात अक्षता पडल्या ना, त्याच्या आदल्या दिवशी बगा."

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, त्यामुळे सोलापूरकराला एवढं पुरे. त्या वर्षी संक्रांत 14 ला, भोगी 13 ला, भोगीला अक्षता, म्हणजे आदला दिवस 12 जानेवारी. पण माझ्या पोटात गोळा आला, कारण कायदा म्हणतो, घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. 12 एप्रिल तर उलटून गेलेला.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. हा प्रश्न विचारायचा राहिल्यामुळे किती अर्ज वाया गेले असतील कोण जाणे. शेवटचं कधी झालं? ती म्हणाली, पाडवा झाल्यावर, बुधवारी. सुटलो! त्रास वारंवार होत असेल तर तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजायचे असतात. आणि तीही मुदत हुकली, तरी आजारपण, धमकी असं काही खरंच आडवं आलं असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. फक्त कारण अर्जात लिहायला हवं. "उशीर झाला, माफी असावी" एवढ्यावर भागत नाही.

पुरावा काय, असं विचारल्यावर ती गप्प झाली. साक्षीदार कोण देणार? शेजारणीलाही त्याच चेकरपुढे बिड्या ठेवायच्या असतात. मग तिने पिशवीतून वही काढली, रोजच्या जमा बिड्यांची नोंद असते ती, तंबाखूच्या वासाची, कोपरे दुमडलेली. आम्ही पानं उलटली. डिसेंबरात हजारामागे पन्नास-साठ बिड्या छाट, म्हणजे चेकरने नापास करून बाजूला काढलेल्या. जानेवारीत तिने त्याचा हात झटकला आणि त्या आठवड्यापासून दीडशे, एकशे ऐंशी, एकदा तर दोनशेच्या वर. हात तोच, पान तेच, सूतही तेच! ऐकलं नाहीस तर कामात नुकसान करीन ही धमकी, उघड असो वा आडून, कायद्याने छळातच मोडते. तिच्या धमकीचा हिशेब खुद्द कारखान्याच्या वहीत उतरला होता.

आता अर्ज द्यायचा कुठे? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर मालकाने कारखान्यातच अंतर्गत समिती नेमायला हवी. न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. चार यंत्रमागांचं शेड, गणवेश शिवणारं छोटं युनिट, दवाखाना, दुकान, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकाही, सगळ्यांसाठी ही समिती आहे. बार्शी, अक्कलकोट, माढ्याच्या बाईने सोलापूरला खेपा घालायची गरज पडू नये म्हणून तालुक्याला नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. या समित्या कागदावरच राहतात, ही ओरड जुनी. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तारखा घालून दिल्या, तेव्हा जरा हालचाल झाली.

समान कामाला बाईला कमी मजुरी, ही तक्रार मात्र कामगार खात्याकडची. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबू नका, टेबलाटेबलांवर फिरत बसाल.

अर्जाच्या प्रती सहा लागतात. सोबत कागदपत्रं, आणि साक्षीदार असतील तर त्यांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे. मी मात्र प्रती नेहमी सात काढायला लावते. सहा त्यांच्या, सातवी आपली. त्या सातवीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. "ठेवून जा बाई, साहेब बघतील" असं कुणी म्हणालं की गोड हसून म्हणायचं, पोच द्या. नाहीच दिली तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

का एवढा हट्ट? कारण पुढचे सगळे दिवस त्या कागदापासून मोजले जातात. समोरच्याला प्रत सात कामाच्या दिवसांत, त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत पुरी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि अहवालावर कारवाई साठ दिवसांत. निकाल पटला नाही तर अपिलाला नव्वद दिवस. चौकशीत वकील आणता येत नाही, तिला नाही आणि त्यालाही नाही. हे मला फार आवडतं.

दोन ठिकाणी बायका फसतात. एक, सुनावणी. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन तारखा चुकल्या, तर समिती पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन चौकशी थांबवू शकते. रोजाचं काम बुडतं म्हणून तारीख टाळावीशी वाटते, मला कळतं. पण निदान अडचण लिहून कळवा. दुसरं, "पाच हजार घे आणि मिटव". तिने स्वतः मागितला तर चौकशीआधी समेट होऊ शकतो, पण पैशाच्या देवघेवीवर समेट करायला कायद्याने बंदी आहे.

आणि "सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच केस होईल का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारते. नाही. शिक्षा जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याची आहे. पुरावा कमी पडला, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

अर्जाच्या शेवटी आम्ही एक वाक्य घातलं: चौकशी चालू असेपर्यंत माझ्या बिड्या या चेकरऐवजी दुसऱ्या कुणी तपासाव्यात. अशी सोय लेखी मागता येते. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते.

चौकशीत पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, सांगता येतही नाही. पण खिडकीवरून ती बाई आली तेव्हा शिक्क्याची शाई ओली होती. तिने सातव्या प्रतीवर दोनदा फुंकर घातली, घडी केली आणि छाटेच्या त्याच वहीत, जानेवारीच्या पानात ठेवून दिली.